स्विफ्टला अलॉय (मिश्रधातूच्या रिम) टाकल्यापासून ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय, मदत हवी आहे

गाडीपिसाट
अलॉय टाकले आणि तेव्हापासून ही कटकट. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) दोनदा झालं, अलाइनमेंट झालं, मशीनवर चारही चाकं शून्य दाखवतात. टायरवाला म्हणतो सस्पेंशन बघा, सस्पेंशनवाला म्हणतो टायर बघा. शनिवारी कोल्हापूरला जायचंय. काय बदलायचं तेवढं सांगा, लवकर.

एकोणीसचा पाना
कुठली स्विफ्ट, कोणत्या साली घेतलेली? अलॉय कुठले? टायरचा साइज? स्टिअरिंग हलतं की सीट? कायम की फक्त ब्रेक मारल्यावर? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

बुशमास्टर
लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबर. डोळे झाकून बदला. आर्म आणि क्रॉसमेंबरच्या (खालच्या आडव्या चौकटीच्या) मध्ये पहार घालून हलवा, रबर फाटलेलं लगेच दिसेल. सोबत बॉल जॉइंट आणि लिंक रॉडही बघून घ्या.

घाटवळण
@बुशमास्टर तुमच्याकडे हॉर्न वाजेना म्हणून आलं तरी लोअर आर्मच. बुश गेला की गाडी खड्ड्यात खडखडते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. चाकं बदलली त्याच दिवशी तो कसा जाईल?

गाडीपिसाट
२०१३ ची, व्हीएक्सआय मॉडेल. टायर नवे, १८५/६५ आर१५. स्टिअरिंगच थरथरतं, ८० ते १०० मध्ये जास्त, ११० ला कमी होतं. ब्रेकचा संबंध नाही.

नियमाचं बोला
आधी हे वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिलाय. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही. विम्याच्या क्लेमच्या वेळी रडू नका.

घाटवळण
१८५/६५ आर१५ हा त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआयचा साइज आहे. व्हीएक्सआयच्या १६५/८० आर१४ चा व्यास ६१९.६ मिमी, याचा ६२१.५. स्पीडोमीटरला फरकसुद्धा कळणार नाही. प्रश्न थरथरीचा आहे, न्यायालयाचा नाही.

मोकळी हवा
नायट्रोजन भरून बघा, राइड मऊ होते.

एकोणीसचा पाना
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, राव.
@गाडीपिसाट ठरावीक वेगाला थरथर येते आणि त्यापुढे कमी होते, म्हणजे पुढचं चाक मध्यावर बसलेलं नाही. सीट हलली असती तर मागची चाकं, फक्त ब्रेकला असती तर डिस्क, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच वाढली असती तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट. जुन्या स्टील रिम लावून दहा किलोमीटर चालवा, गेली तर दोष अलॉयचा. आणि रिमच्या मागे काय कोरलंय ते वाचून इथे लिहा.

गाडीपिसाट
स्टील रिम विकल्या, फक्त स्टेपनी आहे. अलॉय होंडा सिटीचे आहेत, कंपनीचे, सेकंड हँड. ४x१०० च आहेत (चार भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर), बसले की व्यवस्थित!

एकोणीसचा पाना
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. ४x१०० जुळलं म्हणजे फक्त भोकं जुळली. न जुळणाऱ्या गोष्टी दोन.

एक, मधलं भोक. स्विफ्टचा हब (रिमचं मधलं भोक ज्यावर बसतं तो गोल उंचवटा) ५४.१ मिमी, होंडाच्या रिमचं भोक ५६.१. सगळीकडून एक मिलिमीटर मोकळं. बॅलन्सिंग मशीन रिमला मधल्या भोकात कोन घालून धरतं, म्हणून तिथे शून्य. गाडीवर मात्र ते चाक नटांच्या भरवशावर लटकतं, जिथे आवळलं तिथे बसतं. मशीन खोटं बोलत नाहीये, ते वेगळ्याच मध्यावर मोजतंय.

दोन, आणि हे जास्त गंभीर: नट कुठले लावलेत?

गाडीपिसाट
स्विफ्टचेच. दुसरे कुठले लावणार?

घाटवळण
झालं. स्विफ्टच्या नटाचं तोंड निमुळतं, ६० अंशांचं. होंडाच्या कंपनी रिममधली बैठक वाटीसारखी गोल. निमुळता नट वाटीत एका बारीक रेषेवरच टेकतो. चाक मध्यावर येत नाही आणि नट हळूहळू सैल होतो. खात्री हवी तर नटाच्या तोंडाला मार्कर फासा, आवळा, काढा. शाई जाडसर पट्ट्यात पुसली तर ठीक, केसासारखी रेघ आली तर गाडी हायवेला काढू नका.

मोकळी हवा
मग होंडाचेच नट घ्या की, कुठेही मिळतात.

एकोणीसचा पाना
अजिबात नको!! होंडाचा आटा १२x१.५ (जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत), स्विफ्टचा १२x१.२५. दोन आटे हाताने जाईल, मग अडकेल, आणि टायरवाल्याने नट आवळायची गन लावली की स्टडचा (नट चढतो त्या बोल्टचा) आटा गेला. हवेत ते १२x१.२५ आट्याचे, गोल बैठकीचे नट. दुकानात 'मारुतीचे नट' मागितलेत तर निमुळतेच देतील, तेव्हा आटा आणि बैठक दोन्ही सांगा. किमान आठ फेरे स्टडवर चढले पाहिजेत.

बुशमास्टर
आणि ती मोकळी जागा भरायला ५६.१-५४.१ ची हब रिंग. प्लास्टिकची घ्या, गंजत नाही.

घाटवळण
एक मिलिमीटर जाडीची प्लास्टिक रिंग बसवतानाच तडकते. अ‍ॅल्युमिनियमचीच. ती पावसाळ्यात हबला चिकटते हे खरं, म्हणून हबवर बोटाच्या टोकाएवढं कॉपर ग्रीस. स्टडला मात्र नाही, नाहीतर टॉर्क (आवळण्याचा जोर) चुकतो.

बुशमास्टर
रिंग वजन पेलत नाही, नीट आवळलेला नट पेलतो. त्यामुळे प्लास्टिकने काही बिघडत नाही.

घाटवळण
पेलत नाही हे मान्य. पण तडकलेली रिंग मध्यही धरत नाही.

एकोणीसचा पाना
तुमचं चालू द्या. @गाडीपिसाट बसवताना: हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा, रिंग घाला, चाक हवेत असताना चारही नट हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग समोरासमोरचे आलटून पालटून अर्धे आवळा. जॅक उतरवून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला पूर्ण करा. गन नको. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

गाडीपिसाट
मार्कर लावला. केसासारखी रेघ. नट शनिवारपर्यंत येत नाहीत, कोल्हापूरला एसटीने जातो. सोळा मागवू ना?

घाटवळण
सोळा. आणि जुने फेकू नका, त्यातले चार डिकीत ठेवा. स्टेपनी स्टीलची आहे, तिला निमुळतेच लागतात.