मदत हवी आहे: गावाच्या माहितीपत्रकात लोकसंख्या आणि वाहतुकीचे आकडे जुळत नाहीत (शिरपूर तालुका)

सातपुडा_पायथा: ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी गावाची माहिती भरतोय. एक महसुली गाव, तीन पाडे. अडचणी अशा: २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या गावातल्या नोंदीपेक्षा बरीच कमी दिसते. साक्षरतेची टक्केवारी दर वेळी वेगळी येते. आणि जनगणनेच्या गावमाहितीत बस, रेल्वेच्या रकान्यात अंतराऐवजी नुसती ए, बी, सी अक्षरं आहेत. हे काय?

गिरणाथडी: साक्षरतेचं आधी, ते सोपं आहे. भागायचं ते एकूण लोकसंख्येने नाही. ० ते ६ वयाची मुलं वजा करायची. समजा लोकसंख्या १,२४०, लहान मुलं १६४, साक्षर ७४६. ७४६ भागिले १,०७६ म्हणजे ६९.३ टक्के. मुलं वजा केली नाहीत तर ६०.२ येतात. निम्म्या आराखड्यांत हीच चूक असते.

अक्षरं अंतराचीच आहेत. सोय गावात नसेल तर सगळ्यात जवळची ५ किमीच्या आत असली की ए, ५ ते १० असली की बी, १० च्या पुढे सी. आराखड्यात मात्र अक्षर उतरवू नका, मोजलेले किलोमीटर लिहा.

तापीकाठचा: लोकसंख्येबद्दल. गावातून ऊसतोडीला कोयते (तोडणी मजुरांची जोडपी) जातात का? २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन तोडणीच्या हंगामात. ते सगळे दिवस जो बाहेर होता तो गावात मोजलाच गेला नाही. जिथे पाल टाकलं होतं तिथे मोजला गेला, निदान जायला हवा होता. दक्षिण गुजरातला टोळ्या जाणाऱ्या गावांत म्हणूनच खड्डा दिसतो. आकडा दुरुस्त करत बसू नका. ‘जनगणना २०११’ असा जसाच्या तसा ठेवा आणि शेजारी आशा व अंगणवाडीच्या सर्वेक्षणाचा आकडा महिना-वर्षासकट द्या. मतदार यादीवरून लोकसंख्या काढू नका, त्यात १८ खालचे नसतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वर्षानुवर्षं राहतात.

सातपुडा_पायथा: कोयते जातात, बरोबर. पाड्यांची वेगवेगळी लोकसंख्या जनगणनेतून मिळेल का?

तापीकाठचा: नाही भाऊ. प्रसिद्ध आकडा महसुली गावाचा असतो, पाडे त्यातच धरलेले. पाडानिहाय हवी तर अंगणवाडी रजिस्टर. पण त्या तिघांची आणि गावठाणाची बेरीज २०११ च्या आकड्याशी जुळवायला जाऊ नका, जुळणार नाही.

फरशीपूल: वाहतुकीचा भाग लोक दोन ओळींत उरकतात आणि मग रस्त्याचा प्रस्ताव लंगडा पडतो. अंतर ग्रामपंचायत कार्यालयापासून, रस्त्याने, मोटरसायकलच्या काट्यावर मोजा. नकाशावर सरळ रेघ ओढू नका. तुमच्याकडून नरडाणा स्टेशन तापीच्या पलीकडे, पुलाचा वळसा धरावाच लागतो. महामार्ग लिहिताना जुना ३ नाही, आता ५२.

रस्त्याचा दर्जा व क्रमांक लिहा: ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग की प्रमुख जिल्हा मार्ग. मग डांबरी किती, खडीचा किती, मुरमाचा किती. प्रत्येक पाड्याचा जोडरस्ता वेगळा दाखवा. गाव जोडलेलं म्हणून नोंदलं गेलं की पाडा कागदावर आपोआप जोडला जातो, प्रत्यक्षात तिथे पायवाट असते.

एसटीच्या फेऱ्या आगारातून घ्या: येण्याजाण्याच्या वेळा, मुक्कामी गाडी आहे का, शाळेच्या सुट्टीत कोणती फेरी बंद होते. काळीपिवळी आणि मॅजिक वेगळ्या रकान्यात, कारण त्या आठवडे बाजाराच्या दिवशी भरपूर आणि एरवी भरल्याशिवाय हलत नाहीत. नाल्यावर फरशी (ठेंगणा पूल) असेल तर पावसाळ्यात पाणी वरून गेल्यावर किती तास वाट बंद राहते, तेही लिहा. नुसतं ‘गैरसोय होते’ लिहिलं तर कोणी वाचत नाही.

सातपुडा_पायथा: दोन पाड्यांच्या वाटेवर फरशीच आहे. तासांची नोंद कुठे मिळेल?

फरशीपूल: लेखी कुठे नसते. शाळेचं हजेरीपत्रक काढा. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त त्या पाड्यांची मुलं एकाच दिवशी गैरहजर असतील ते दिवस टिपून घ्या. तासांचा अंदाज पोलीस पाटलांना विचारून जोडा.