मदत हवी आहे: अल्बेंडाझोल उपाशीपोटी की जेवून? आज रात्रीचा डोस आहे

रेवती_धायरी: भावाला अल्बेंडाझोल ४०० सुरू झालीये, सकाळ-संध्याकाळ. मेडिकलवाला म्हणाला जंताची गोळी आहे, उपाशीपोटी द्या. आई म्हणते आधी दोन घास खाऊ दे, नाहीतर मळमळेल. डॉक्टर रविवारपर्यंत पुण्याबाहेर, फोन लागत नाहीये. आणि ही गोळी लिव्हरमध्ये जाऊन बदलते असं वाचलं, म्हणजे लिव्हर खराब होतं का? लवकर सांगा प्लीज.

मंदार७७: अहो १० फेब्रुवारीला शाळेत पोरांना देतात तीच ही. माझ्या मुलीने वर्गातच चावून खाल्ली, काही झालं नाही. एक गोळी आणि विषय संपला. रोज दोनदा कोण देतं? डॉक्टर बदला.

अनुजा_फार्मसी: मंदार, थांबा जरा. रेवती, गोळी कशासाठी दिलीये, किती दिवस, वजन किती, सोबत काय चालू आहे?

रेवती_धायरी: जंतासाठीच ना, डोक्यातल्या! फिट आली म्हणून एमआरआय केला तर गाठ दिसली. वजन ५४, चौदा दिवस द्यायचीये. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तरी डुकराच्या मांसातला जंत म्हणतात, आईला ते पटतच नाहीये.

सदाशिव_पेठी: वावडिंगाचा काढा द्या सकाळी, गूळ घालून. आमच्याकडे तीन पिढ्या तेच.

अनुजा_फार्मसी: काका, पोटातल्या जंतांचं बोला हवं तर, मेंदूतल्या गाठीवर काढा नको. रेवती, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतंस, सगळं उत्तरच बदलतं. पोटातल्या जंतांसाठी गोळी आतड्यातच काम करते, रक्तात नाही गेली तरी चालतं. भावाच्या बाबतीत ती रक्तातून मेंदूपर्यंत पोचली पाहिजे, आणि उपाशीपोटी ५ टक्केही शोषली जात नाही. तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतली तर रक्तातलं औषध पाचपटीपर्यंत वाढतं. आई बरोबर आहे.

शंतनू_हडपसर: चूक! मला खरजेवर आयव्हरमेक्टिन दिली होती तेव्हा स्पष्ट सांगितलेलं, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर.

अनुजा_फार्मसी: ती वेगळी गोळी हो. दोन्ही जंतांवरच्या असल्या म्हणून शरीर दोघींना सारखं वागवत नाही.

आता लिव्हर. अल्बेंडाझोल तिथे पोचली की लगेच तिचं सल्फॉक्साइड होतं, मूळ गोळी रक्तात जवळपास सापडतच नाही. खरं काम हे सल्फॉक्साइडच करतं, म्हणजे लिव्हरनेच औषध तयार करून दिलं म्हण. मग त्याचं सल्फोन होतं, ते निकामी. सल्फॉक्साइड ८ ते १२ तासांत निम्मं होतं म्हणून डोस दोनदा. डोस दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, ५४ ला ८१० येतात, म्हणून ८०० दिलेत, डॉक्टर काही चुकलेले नाहीत मंदार. काहींच्या लिव्हरचे आकडे वाढतात हे खरं, त्यासाठी सुरू करताना आणि दर दोन आठवड्यांनी एलएफटी (लिव्हरची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात. फिटची गोळी कोणती ते अजून सांगितलं नाहीस.

गौरी_कर्वेनगर: शाकाहाराचं सांगते. मांस नीट न शिजवता खाल्लं तर पोटात जंत होतो, डोक्यात गाठ होते ती त्याच्या अंड्यांमुळे. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून ती हाताला, पाण्याला, भाजीला लागतात. आम्ही मंडईतून आणलेली कोथिंबीर तीनदा धुतो, तरी दरवेळी तळाला माती उरतेच.

मंदार७७: मग भेळेवर कच्ची कोथिंबीर खायचीच नाही का आता?

रेवती_धायरी: भेळेचं नंतर बोला ना. ताई, फिटची फेनिटॉइन रात्री, आणि डेक्सामेथासोन सकाळी.

अनुजा_फार्मसी: हेच हवं होतं. फेनिटॉइनमुळे लिव्हर सल्फॉक्साइड लवकर संपवतं, डेक्सामेथासोनमुळे ते साधारण दीडपट वाढतं. शिवाय अळी मरताना मेंदूला सूज येते, ती डेक्सामेथासोन आवरतं. दोन्हीपैकी एकही मनाने बंद करू नका. हॉस्पिटलच्या ड्यूटी डॉक्टरांना आत्ताच फोन करून तिन्ही गोळ्यांची नावं सांग. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा फिट आली तर रविवारची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी.

रेवती_धायरी: बोलले आत्ता. तेही म्हणाले जेवणासोबतच. आईने दोन पोळ्यांना तूप लावलं, वरणभातावरही घातलं, तो नको नको म्हणत होता पण खाल्लं आणि पाठोपाठ गोळी घेतली. एलएफटी सुरू करताना केलीच नव्हती, सोमवारी सकाळी नेते.