मदत हवी आहे : जिरोना ते पालाफ्रुजेल, संथ सायकलप्रवास (कातालोनिया, स्पेन)

नमस्कार.

मी पुण्यातील एका शाळेत एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. माझे वय ६३ आणि यजमानांचे ६६ आहे. आम्हा दोघांना पुढच्या वर्षी स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनियात, पाच-सहा दिवस सायकलने अगदी सावकाश हिंडायचे आहे. तिकडे सायकल चालवलेल्या किंवा तिथे राहणाऱ्या जाणकारांचे मार्गदर्शन मिळाले तर फार बरे होईल. माझी भाची बार्सिलोनात असते, त्यामुळे पहिल्या मुक्कामाची चिंता नाही. पुढचे सगळे आमचे आम्हालाच ठरवायचे आहे.

हीच जागा का, ते आधी सांगते, कारण बरेचसे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत. 'रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात पेशी पाहिल्या' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारायचाच, की बाई, आपल्या कुंपणापाशी आहे तेच का हे बुचाचे झाड? मग मी सांगायचे, की आपले बुचाचे झाड वेगळे, लांब देठाच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचे, ज्यांची मुली दोऱ्यावाचून वेणी गुंफतात; हूकचे बूच ज्या सालीचे, ते झाड ओकच्या कुळातले आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचे. सांगायचे खरी, पण ते झाड मी स्वतः कधी पाहिले नव्हते, आणि जी साल काढण्याचे वर्णन करायचे, त्या सालीला हातही लावला नव्हता. जिरोना शहर आणि समुद्र यांच्यामध्ये गावारेस नावाचे बुटके डोंगर आहेत आणि त्यांवर या बूच-ओकची राने आहेत, असे वाचल्यापासून तिथे जायचे मनात घट्ट बसले आहे.

सायकलनेच का, यालाही कारण आहे. जिरोना ते सांत फेलिउ दे गिशोल्स या बंदरापर्यंत १८९२ पासून १९६९ पर्यंत एक अरुंद रुळांची, अवघ्या ७५० मिलिमीटर मापाची, छोटी आगगाडी चालत असे. रूळ उखडल्यावर त्याच वाटेचा सायकलमार्ग केलेला आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे वाटही सौम्यच असणार, हा आमच्या वयाला मोठा आधार वाटतो. क्वार्त, कासा दे ला सेल्वा आणि ल्यागोस्तेरा ही गावे ओलांडून ती वाट खाली समुद्राकडे उतरते. तिथून किनाऱ्याने पालामोसपर्यंत जावे, आणि पालामोस ते पालाफ्रुजेल हा सुमारे सहा किलोमीटरचा तुकडा पुन्हा एका जुन्या छोट्या आगगाडीच्या वाटेवरून करावा, असा ढोबळ बेत आहे. पालाफ्रुजेलला बुचाचे संग्रहालय आहे, त्यामुळे माझ्यासाठी प्रवासाचा शेवट तिथेच व्हायला हवा.

आता अडचण सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका सायकल गटाबरोबर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा प्रवास केला. आरावी-शेखाडीच्या बाजूचा तो रस्ता किती सुंदर आहे हे कोकणात फिरलेल्यांना सांगायला नको. एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला डोंगर. परंतु गटप्रमुखांना वेळापत्रक गाठायचे होते आणि आम्ही दोघे सतत शेवटी पडत होतो, म्हणून धापा टाकत पुढच्यांच्या चाकांकडे बघतच सगळा रस्ता संपला. यजमानांना दिलेल्या भाड्याच्या सायकलची सीट बरीच खाली होती आणि ती वर घेण्यापुरतेही कोणी थांबले नाही. संध्याकाळी त्यांचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. पुढे तीन महिने व्यायाम आणि उपचार झाले. आता ते रोज पंधरा-वीस किलोमीटर विनात्रास चालवतात, तरी लांबच्या प्रवासाचे नाव काढले की त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर जातो, आणि ते मला बघवत नाही. म्हणून या वेळी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जायचे नाही, आणि ज्या झाडापाशी थांबावेसे वाटेल तिथे थांबायचे, एवढे दोनच नियम आम्ही केले आहेत.

यावरून माझे प्रश्न असे आहेत. पहिला मोसमाचा. बुचाची साल उन्हाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टपर्यंत काढतात हे मला ठाऊक आहे, आणि ते काम डोळ्यांनी पाहण्याची फार इच्छा आहे; पण त्या दिवसांतले ऊन, गर्दी आणि वणव्यांमुळे रानात जाण्यावर येणारी बंधने यांत आम्ही जावे का? दुसरा प्रश्न सांत फेलिउ ते पालामोस या टप्प्याचा, कारण तिथे आगगाडीची वाट नाही. मोठ्या रस्त्यावरून जावे लागते का, आणि उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची सवय नसलेल्या आमच्यासारख्यांनी ते करावे का? सांत फेलिउहून दक्षिणेला तोसा दे मारकडे जाणाऱ्या समुद्रकड्यावरच्या रस्त्याची छायाचित्रे पाहून यजमान हरखून गेले आहेत, तर तो आमच्या आवाक्यातला आहे का, हेही कृपया स्पष्ट सांगावे. बॅटरीची सायकल घ्यावी की साधी हायब्रिड, याबाबत घरात एकमत नाही. शेवटचा प्रश्न जेवणाचा: आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते.

आपला वेळ देऊन कोणी उत्तर दिले तर मनापासून आभारी राहीन.

प्रतिसाद १

बाई, नमस्कार. मी गेली नऊ वर्षे बार्सिलोनात नोकरीनिमित्त आहे आणि ही वाट चार वेळा केली आहे, त्यांपैकी एकदा माझ्या आईवडिलांना घेऊन. त्या अनुभवावरून लिहितो.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा निवडा. ११ सप्टेंबरला कातालोनियाचा राष्ट्रीय दिन असतो, त्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि समुद्राचे पाणी उन्हाळाभर तापून छान कोमट झालेले असते. सप्टेंबरअखेरीपासून पूर्वेकडून येणारी पावसाळी वादळे वाढतात, म्हणून त्याहून उशीर करू नये. साल काढण्याचे काम मात्र तेव्हा संपलेले असेल, हे आधीच सांगतो. तरीही तुमचा हेतू बऱ्याच अंशी साधेल, कारण त्याच उन्हाळ्यात सोललेली खोडे तेव्हाही तांबूस-लाल दिसतात. वरच्या फांद्यांची साल करडी आणि खडबडीत, आणि तिच्याखाली अचानक एक सरळ रेघ ओढल्यासारखे उघडे लाल खोड, हे दृश्य पहिल्यांदा पाहताना माणूस सायकलवरून उतरतोच. काही खोडांवर साल काढल्याच्या वर्षाचे आकडे रंगवलेले असतात. त्याच झाडाची पाळी पुन्हा बारा-चौदा वर्षांनी येते, तेव्हा कोणाच्या लक्षात राहणार? माझ्या वडिलांना ते आकडे इतके आवडले, की ते प्रत्येक झाडापाशी जाऊन पुढची पाळी कोणत्या साली येईल याचा हिशोब करत होते आणि दहा किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. बुचाला कातालान भाषेत म्हणतात 'सुरु'. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूशी त्याचा काही संबंध नाही, पण आईला हा शब्द ऐकून फार गंमत वाटली होती.

वणव्याबद्दल तुमची काळजी योग्य आहे. धोका फार वाढलेल्या दिवशी काही डोंगरांत प्रवेशच बंद करतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे. १५ मार्च ते १५ ऑक्टोबर या काळात रानात आणि रानापासून ५०० मीटरच्या आत विस्तव पेटवायला मनाई असते. वाटेत चहासाठी छोटी शेगडी न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या आणि थर्मास न्या.

जिरोनाहूनच निघा. कासा चौदा-पंधरा किलोमीटरवर आणि ल्यागोस्तेरा सुमारे वीसवर आहे. तिथवर अगदी हलका चढ लागतो, आणि पुढे उतार आहे. वाट बहुतेक ठिकाणी आपल्याकडच्या मुरुमासारख्या दाबलेल्या मातीची आहे, त्यामुळे बारीक टायरची सायकल नको. ल्यागोस्तेराला मुक्काम करा, म्हणजे दोन्ही दिवस तुमच्या नियमात बसतील. सांत फेलिउला दोन रात्री राहा आणि मधला दिवस चालण्यासाठी ठेवा. जवळच्या सागारोला समुद्राला खेटून जी जुनी पायवाट जाते, ती पायीच करायची आहे.

सांत फेलिउ ते पालामोस या टप्प्यात मोठा रस्ता टाळून, प्लाजा दारो गावातून आतल्या रस्त्यांनी आणि किनाऱ्यालगत जाता येते. प्लाजा दारो म्हणजे उंच इमारती आणि दुकाने. तिथे रेंगाळू नका, तो वेळ पालामोसच्या पुढे ठेवा. तिथे कास्तेल नावाचा एक समुद्रकिनारा आहे, ज्याच्या मागे एकही इमारत नाही, फक्त पाइनचे रान आणि शेते आहेत. तिथे बांधकाम होऊ घातले होते, तेव्हा १९९४ साली पालामोसच्या रहिवाशांनी सार्वमत घेऊन ते नाकारले. सायकली कुलूप लावून ठेवा आणि पाइनखाली बसून जेवा. या सगळ्या प्रवासातली माझी सर्वांत आवडती जागा तीच आहे.

तोसाचा रस्ता या वेळी करू नये, असे मी स्पष्टच सांगतो. सुमारे २२ किलोमीटर सतत चढउतार आणि वळणांमागून वळणे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असे इथले लोक म्हणतात. मागून मोटारी आणि मोटारसायकली येत असतात. काकांना तो समुद्र बघायचाच असेल तर एक दिवस बसने जाऊन या.

परतीसाठी पालाफ्रुजेलहून ला बिस्बालमार्गे, शेतांमधल्या लहान रस्त्यांनी, फ्लासा या रेल्वे स्थानकापर्यंत जावे. तिथून साध्या प्रादेशिक गाडीत सायकल चढवून जिरोनाला परतता येते. अतिवेगवान गाडीत मात्र उभी सायकल घेत नाहीत. शहराबाहेर हेल्मेट सक्तीचे आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळा, कारण दुपारी साडेतीननंतर स्वयंपाकघर बंद झाले की रात्री साडेआठपर्यंत गरम जेवण मिळत नाही. टोमॅटो चोळलेला पाव आणि बटाट्याचे जाड आम्लेट सगळीकडे मिळेल. 'एस्कालिबादा' अवश्य मागवा: वांगी आणि ढोबळी मिरची विस्तवावर भाजून, सोलून, वर ऑलिव्ह तेल घालतात. आईने पहिल्या घासालाच भरीत म्हणून ओळखले. फक्त त्यावर अनेकदा खारवलेले छोटे मासे ठेवतात, म्हणून मागवतानाच 'मासे नकोत' असे सांगावे.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय सल्ला देणे बरोबर नाही, तरी तुम्ही लिहिले आहे त्यावरून सीटची उंची हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल अगदी खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासा बाक उरतो. घरच्या सायकलवर ही उंची पक्की करून, पॅडलच्या मधल्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा आणि तिकडे दुकानात तेच माप लावून घ्या. बॅटरीची सायकल घेण्यात संकोच नसावा. युरोपातल्या अशा सायकली पॅडल मारल्याशिवाय चालत नाहीत आणि ताशी २५ किलोमीटरनंतर मोटरची मदत थांबते, त्यामुळे व्यायाम होतोच, फक्त चढावरचा ताण कमी होतो.

धागाकर्तीचे उत्तर

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. दोन्ही प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. वर्षांच्या आकड्यांचा हिशोब करणाऱ्या तुमच्या वडिलांविषयी ऐकून ते म्हणाले, की हा माणूस आपल्या गटात हवा होता.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा नक्की केला आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, त्यामुळे तारखांचा मेळ बसेल. तोसाचा रस्ता रद्द झाला आहे, यजमानांसाठी बॅटरीची आणि माझ्यासाठी साधी हायब्रिड सायकल असे ठरले आहे. आज सकाळी त्यांची सीट टाचेच्या पद्धतीने लावून पाहिली, तर ती चक्क चार बोटे वर घ्यावी लागली; म्हणजे इतके दिवस घरच्या सायकलवरही चुकतच होते. माप वहीत लिहून ठेवले आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांना आणखी एकच विचारायचे आहे. पालाफ्रुजेलच्या संग्रहालयात किंवा आसपासच्या एखाद्या कारखान्यात न घासलेल्या, जशी झाडावरून निघाली तशा सालीचा तळहाताएवढा तुकडा विकत मिळू शकेल का? माझ्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत तो द्यायचा आहे, म्हणजे आठवीच्या मुलांना ब्लेडने स्वतः पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येईल.