कोल्हापूर : चर्चच्या मधल्या वारच्या बालवर्गाचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न : रविवारची शाळा नव्हे, शाळा सुटल्यावर भरणारा ख्रिस्ती शिक्षणाचा वर्ग. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अमेरिकन मिशनरी वाइल्डर दांपत्य १८५२ साली कोल्हापुरात आलं, पण वर्गाची तारीख तिथपर्यंत ओढू नका. मिशन शाळेतला बायबलचा तास वेगळा, मंडळीचा, म्हणजे चर्चचा स्वतःचा, वर्ग वेगळा. हजेरीवह्या आणि सभेची इतिवृत्तं आधी वर्षवार लावा.

उत्तर : अमेरिकेत गॅरी शहरात १९१४ साली पालकांच्या परवानगीने, शाळेच्या वेळेतच असे वर्ग सुरू झाले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने सरकारी शाळेच्या इमारतीतले वर्ग थांबले; १९५२ ला इमारतीबाहेर भरणारे वैध ठरले. आपल्याकडे अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला पालकांची संमती लागते, राज्यघटनेचं कलम २८.

उत्तर : जुन्या वह्यांचं झेरॉक्स नको, दाबल्यावर शिवण उसवते. खिडकीजवळ सरळ वरून मोबाईलने फोटो काढा.