अनुभव धागा: ब्रेक्झिट तुमच्यापर्यंत कसं पोचलं?

पेठेतला (धागा काढणारा)

मंडळी, परवा रंकाळ्यावर भेळ खात बसलेलो चौघं. एकाचा पोरगा मँचेस्टरला शिकतोय, त्यानं फीचं रडगाणं लावलं आणि बोलता बोलता गाडी ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटननं युरोपियन युनियन सोडलं त्यावर गेली ती तासभर तिथंच. एक म्हणतोय बरोबर केलं, आपलं घर आपण चालवायचं, ब्रसेल्सच्या युनियनवाल्यांचं कशाला ऐकायचं, दुसरा म्हणतोय पायावर धोंडा पाडून घेतला. आवाज एवढा चढला की भेळवाल्यानं विचारलं, वाटणीचं भांडण आहे काय. म्हटलं व्हय, वाटणीचंच, खरं आमच्यातलं न्हवं.

तर २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५१.९ टक्के बाहेर पडा म्हणाले, ४८.१ टक्के राहूया म्हणाले, ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडले आणि व्यवहार खऱ्या अर्थानं तुटला तो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. एवढं गुगल पण सांगतंय. मला तुमचं पाहिजे. तिकडं होता काय, मत दिलं काय, कुणाशी भांडला, धंद्यात काय झालं, घरात कोण काय बोललं. शिव्या नकोत, आणि मिसळ कुणाची भारी हा विषय इथं काढायचा नाही, मागच्या धाग्याचं त्यानंच वाटोळं झालं.

शाहूपुरी ते रेडिंग

मी सुरू करतो कारण मी मत दिलंय. होय, ब्रेक्झिटच्या सार्वमतात. हे सांगितलं की लोकं म्हणतात फेकू नकोस.

२०१५ ला कंपनीनं वर्क व्हिसावर इंग्लंडात रेडिंगला पाठवलं. एका घरात तीन खोल्या, एकात मी, एकात एक पोलिश प्लंबर, तिसरी कायम रिकामी कारण तिचा हीटर चालायचा नाही (प्लंबर घरात असून, असो). हा गडी २००४ ला आलेला, पोलंड युनियनमध्ये गेलं त्याच वर्षी. बारा वर्षं टॅक्स भरतोय, भाषा येते, पबात सगळे ओळखतात. मला येऊन सव्वा वर्ष झालेलं, चहात दूध आधी घालायचं का नंतर यावर अजून ऑफिसात बोलणी खात होतो.

तर एक दिवस दाराच्या आत पायपुसण्यावर पोलिंग कार्ड पडलेलं. नाव माझं. मला वाटलं चूक झाली. मग कळलं की भारत कॉमनवेल्थमध्ये, त्यामुळं तिथं राहणारा भारतीय नागरिक सार्वमतात मत देऊ शकतो, आणि युरोपचे लोक, ज्यांच्याबद्दल हा सगळा तमाशा, ते नाही, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून. मी कार्ड खिशात लपवलं. खरंच लपवलं, वाढदिवसाला न बोलावलेल्या मित्रापासून केक लपवावा तसं. त्यानं रात्री स्वतःच विचारलं, आलं का तुझं? त्याला माहीत होतं. मी विचारलं काय करू, तर म्हणाला मला विचारू नकोस, माझा त्यात काही हक्क नाही, आणि भांडी घासत राहिला.

आता प्रामाणिकपणे सांगतो, युरोपियन युनियन म्हणजे काय ते मला तेव्हा धड माहीत नव्हतं. ऑफिसात एक गोरा रोज त्या लाल बसबद्दल बोलायचा, आठवड्याला ३५ कोटी पौंड तिकडं जातात ते दवाखान्यांना देऊ असं त्या बसवर लिहिलेलं, दुसरा म्हणायचा आकडाच खोटा आहे, परत काय मिळतं ते धरलेलंच नाही. मला दोघांचं पटायचं. मतदानाला गेलो तर शाई नाही, मशीन नाही, ओळखपत्र कुणी मागितलं नाही, दोऱ्याला बांधलेली एक पेन्सिल. पेन्सिल! कागदावर दोन चौकोन. मी राहूया वर फुली मारली. युरोपसाठी नाही मारली, भांडी घासणाऱ्या माणसाच्या पाठीकडं बघून मारली.

पुढची गंमत. २०१९ ला त्याला तिथं राहायचा कायमचा हक्क सिद्ध करायला सरकारी ॲपवर पासपोर्ट स्कॅन करायचा होता आणि ते ॲप तेव्हा फक्त अँड्रॉइडवर चालायचं, त्याच्याकडं आयफोन. मग माझ्या फोनवरनं केलं. किचनमध्ये उभं राहून त्याचा चेहरा मी स्कॅन केला, तीनदा फेल गेलं, चौथ्यांदा झालं.

पेठेतला

भावा नाद खुळा. हे आधी सांगितलं असतंस तर रंकाळ्यावर तुलाच न्यायला पाहिजे होतं.

शिरोली एमआयडीसी

आमची फौंड्री. पंपाची केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी असलं काम. वडिलांच्या वेळेपासनं इंग्लंडचं एक गिऱ्हाईक, रेट पौंडात ठरलेला. २४ जून शुक्रवार होता, आमच्याकडं सकाळचे नऊ वाजून गेलेले, पहिल्या हीटचं मेटल ओतायला आलेलं आणि टीव्हीवर तिकडच्या चॅनेलनं बाहेर पडणार म्हणून सांगून टाकलं. अकाउंटंट धावत शेडमध्ये आला, भट्टीजवळ कधी न येणारा माणूस. आदल्या दिवशी पौंड शंभरच्या आसपास, दिवस मावळेपर्यंत ब्याण्णव-त्र्याण्णव. आमचं बिल नव्वद दिवसांचं. दहा हजार पौंडाला दहा लाख धरलेले, सप्टेंबरअखेर हातात आले साडेआठच्या वर थोडे. मार्जिन किती असतंय कास्टिंगमध्ये ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. ऑक्टोबरात तर पौंड ब्याऐंशीवर आला. फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढचा दर आधीच बांधून घेणं, ते घेतलं नव्हतं, वडील म्हणायचे पौंडाला कशाला पाहिजे कव्हर, तो काय रुपया आहे काय.

खरं ते एकदाच लागलं. खरी डोकेदुखी जानेवारी २०२१ पासनं. आमचं गिऱ्हाईक माल इंग्लंडात गोडाऊनला उतरवून त्यातला अर्धा जसाच्या तसा जर्मनी-हॉलंडला धाडायचं. आधी एकदा कस्टम झालं की विषय संपला. आता त्यांचा युरोपशी करार झालाय बिनड्युटीचा, खरं तो ब्रिटनमध्ये किंवा युरोपात तयार झालेल्या मालाला. आमचं कास्टिंग भारताचं ते भारताचंच, चॅनेल ओलांडलं की परत कागद, परत कस्टम. गिऱ्हाइकानं सांगितलं, तुम्हीच अर्धा माल सरळ रॉटरडॅमला पाठवा. झालं, एका कंटेनरच्या जागी दोन अर्धे, दोन पॅकिंग लिस्ट, भाडं वाढलं आणि ते कुणी सोसायचं यावर सहा महिने ईमेल. शेवटी आम्ही सोसलं, दुसरं कोण.

दुसरी बाजू पण सांगतो. युनियनमध्ये असते तर भारताशी एकट्यानं करार करता आलाच नसता. तो २४ जुलै २०२५ ला सह्या होऊन झाला. त्यामुळं बाहेर पडले ते आमच्या मुळावर आले असं मी सरसकट म्हणणार नाही. वडील म्हणतात, मी तेव्हाच सांगितलं होतं इंग्रज माणूस धंद्याला पक्का. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

स्लाऊची सून

माझं थोडं उलटं आहे, दगड मारू नका. मी स्लाऊला असतो (हो, बाई आहे, कोल्हापूरची पोरगी आलो-गेलोच बोलणार), ब्रिटिश पासपोर्ट आहे, आणि मी लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला मत दिलं. स्लाऊत ५४ टक्क्यांनी दिलं, आमच्या गल्लीत विचारलं तर त्याहून जास्त असतील.

कारण गोरे म्हणत होते ते नाही. माझा दीर इथला नागरिक, दुकानात काम करायचा, त्याचं लग्न इचलकरंजीच्या मुलीशी झालं. २०१२ पासनं नियम, बायकोला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड पगार दाखवा. त्याचा हजार पौंडांनी कमी पडायचा. दोन वर्षं ती इचलकरंजीत, हा इथं, व्हिडिओ कॉलवर संसार. आणि शेजारी रुमानियाचा माणूस, त्यानं बायको, पोरं, सासू सगळं आणलं, पगाराची स्लिप कुणी विचारली नाही. मला त्या माणसाचा राग नव्हता, चांगला माणूस, सासू तर आमच्याकडं लोणचं मागायला यायची. नियमाचा राग होता. प्रचारात आमच्या भागात हेच फिरत होतं, की युरोपची दारं बंद झाली की कॉमनवेल्थच्या लोकांना मोकळीक, करी रेस्टॉरंटला स्वयंपाकी आणता येतील, तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल स्वतः तेच सांगत होत्या. आम्ही विश्वास ठेवला.

जाऊबाई आली नंतर, दिराला दुसरी नोकरी लागली म्हणून आली, ब्रेक्झिटमुळं नाही. आणि ती १८,६०० ची अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० झाली. आता माझ्या भाच्याचं बघतोय आम्ही. सासरे जेवताना मुद्दाम विचारतात, कुणाला मत दिलं होतंस गं? मी ताटात बघतो.

कागलकर

ताई दगड नाही, पण रुमानियाच्या सासूनं लोणचं मागितल्यावर तरी मत बदलायला पाहिजे होतं.

स्लाऊची सून

दादा, तिचा जावई पण म्हणायचा आता फार लोक येतायत, बंद केलं पाहिजे. त्याला मत असतं तर त्यानं पण लीव्हलाच दिलं असतं.

बेलफास्टहून नर्सबाई

नाइट ड्युटीवर लिहितेय, तुटक होईल.

मी २०१८ ला आले म्हणजे मत वगैरे नाही, मी नंतरची वादावादी बघितली. उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के लोकांनी राहूया म्हटलेलं, तरी बाहेर जावं लागलं. आणि इथला प्रश्न वेगळाच, सीमेचा. बेलफास्टहून डब्लिनला बसनं जाताना न्यूरी सोडलं की देश बदलतो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. रस्ता तोच, गायी त्याच. वेगाच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर येतात आणि मोबाइलवर 'आयर्लंडमध्ये स्वागत' असा मेसेज पडतो, एवढंच. मी भारतीय पासपोर्टवाली, मला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, तो काढून छातीशी धरून बसलेले आणि कुणी बघितलाच नाही. मला एकदम कोगनोळी आठवलं. कागल सोडून निपाणीकडं निघालं की दुकानांच्या पाट्या हळूहळू कानडी होत जातात, माणसं मराठीच बोलत असतात. कोविडमध्ये त्याच कोगनोळीवर रिपोर्ट नाही म्हणून लोकांना परत फिरवलं, तेव्हा आमच्या आत्याला पहिल्यांदा कळलं की ती दुसऱ्या राज्यात राहते. मावशीच्या बाराव्याला पोचू शकली नाही.

इथं लोकांना नेमकी तीच भीती, की इथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या करारानंतर जी सीमा विसरायला झालेली ती परत येते काय. शेवटी कस्टमची तपासणी समुद्रावर नेली, म्हणजे इंग्लंडहून येणारा माल बंदरात तपासायचा, त्यावर ब्रिटनशी जोडून राहू पाहणारी बाजू चिडली की आम्हाला आमच्याच देशापासून तोडलं. आमच्या वॉर्डात दोन सिनिअर नर्स, एक या बाजूची एक त्या बाजूची, पेशंट उचलताना एकीनं डोकं धरलं तर दुसरी न सांगता पाय धरणार, वीस वर्षं अशी जोडी. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोघींनी चहाला एकत्र बसायचं बंद केलं. काम चालू, चहा बंद.

मला स्वतःला काय झालं तर, ज्वारीचं पीठ आणि कांदा-लसूण चटणी ज्या इंग्लंडच्या ऑनलाइन दुकानातनं मागवायचे त्यांनी उत्तर आयर्लंडला डिलिव्हरी देणं बंद केलं. एका आठवड्यात सुपरमार्केटची शेल्फं पण अर्धी रिकामी होती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढ्या मोठ्या देशात साधं पीठ मिळेना? बेल वाजली, जाते.

मंगळवार पेठेतले आजोबा (नातवाकडून टाइप)

माझे वय ८३. आपण सर्वजण इंग्रजांविषयीच बोलत आहात म्हणून लिहितो. आपले कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. मी लहान होतो. आमच्या वडिलांना कुणी चिठ्ठी देऊन विचारले नव्हते की आत राहायचे की बाहेर. सही झाली, संपले.

गोव्याला मात्र विचारले. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात यायचे त्याची खूण फूल, वेगळे राहायचे त्याची दोन पाने. आमचे मामा म्हापशाला होते, विलीनीकरणवाले, इथून आम्ही चार पोरे त्यांच्याकडे प्रचार बघायला गेलेलो. सगळे म्हणत येणार, येणार. चौतीस हजार मतांनी गेले. मामा त्या रात्री जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ज्या शेजाऱ्याने दोन पाने लावली होती त्याच्याकडेच नेहमीप्रमाणे पाव घ्यायला गेले, कारण त्या वाड्यावर बेकरी एकच होती. नातू म्हणतो आजोबा विषयाला धरून लिहा. मी धरूनच लिहिले आहे.

पेठेतला

आजोबा, नातवाला म्हणावं गप टाइप कर.

एक प्रश्न शाहूपुरीला. तो पोलिश गडी आता कुठं असतो? गेला परत?

शाहूपुरी ते रेडिंग

नाही, तिथंच. मी २०२१ ला परत आलो, तो राहिला आणि नंतर रीतसर नागरिक झाला. ४ जुलै २०२४ ला त्यांची सार्वत्रिक निवडणूक होती, त्या सकाळी त्याचा फोटो आला, मतदान केंद्राच्या बाहेर उभा, बरोबर कुत्रं, हातात पोलिंग कार्ड असं धरलेलं की माझ्यापासनं लपवायला नको. खाली लिहिलेलं, पेन्सिल अजून तीच आहे.

मी त्याला काय कळवणार. त्याच वर्षी ७ मे ला आपल्या इथं लोकसभेला रांगेत उभा राहिलो तर यादीत माझं नावच सापडेना, बायकोचं होतं, वारलेल्या आजीचं पण होतं. तसाच घरी आलो.