आबांची पेटी

ताई, आजोबांची पेटी दुरुस्त करावी की आठवण म्हणून तशीच जपून ठेवावी, असं तुम्ही विचारलंत. दुरुस्त करा आणि वाजवा, एवढंच सांगेन.

आमचे आबा नागपुरात महाल भागातल्या घरी रोज पहाटे पेटी घेऊन बसायचे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी कूलरसमोर सगळी नातवंडं एका खोलीत, मधोमध आबा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं तेव्हा ते शाळेत होते. गायक वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले, हे तर ते अशा अभिमानानं सांगत, जणू घरचंच कुणी! मी गाताना पळायला लागले की म्हणायचे, "काहून घाई करून राहिली? आधी सा तर लागू दे."

आजी शेवटच्या आजारपणात बोलत नव्हती. आबा तिच्या खाटेशी बसून हळूच भाता हलवायचे, एकच सूर धरून ठेवायचे. तिची बोटं चादरीवर हलायची. ते मी पाहिलंय.

आबा गेल्यावर पेटी चार वर्षं माळ्यावर पडून होती. भाता फाटला, काही सूर बसले. शेवटी कारागिराकडे नेली. आता माझा मुलगा वाजवतो. काळी चार दाबली की अजून जराशी हवा निसटते. ती मी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली. आबांच्या वेळीही निसटायची.