वजन उचलताना खांदा साथ सोडतो तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

काल बॅग वरच्या कप्प्यात ठेवायला हात उंचावला आणि खांद्यात ती ओळखीची कळ आली. क्षणभरच. पण सहा वर्षांपूर्वीची सकाळ जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून हा धागा काढतेय.

तेव्हा मी बत्तीसची. आठवड्यातले चार दिवस वजनं उचलायचे, मनापासून आवडायचं. शोल्डर प्रेसचा तिसरा सेट चालू होता. दोन्ही हातांत दहा दहा किलो. डावा हात वर गेला, उजवा कानापाशी अडला. दुखलं म्हणून मी थांबले असं झालं नाही, हाताने ऐकलंच नाही. आदल्या आठवड्यात हेच वजन दहा वेळा वर गेलेलं! कळ त्यानंतर आली, दंडाच्या बाहेरच्या बाजूने कोपरापर्यंत.

पुढचे तीन आठवडे मी गोळ्या घेऊन तेच व्यायाम रेटले. आज कोणी असं करताना दिसलं तर मी हात धरून थांबवेन. तीन आठवड्यांनी केस बांधता येईनात, उजव्या कुशीवर झोपता येईना, आणि गाडीच्या मागच्या सीटवरची पर्स घ्यायला हात मागे नेला तर डोळ्यांत पाणी.

डॉक्टरांनी आधी मला हात वर करायला सांगितला. साधारण ६० अंशांपासून १२० अंशांपर्यंत जीव जात होता, त्याच्या वर परत सुसह्य. मग त्यांनी स्वतः माझा हात सैल धरून उचलला. पूर्ण वर गेला. "सांधा मोकळा आहे, हे चांगलं," म्हणाले. मग कोपर कमरेला चिकटवून त्यांच्या हाताविरुद्ध बाहेर ढकलायला लावलं आणि तिथे माझा उजवा हात लहान मुलासारखा मागे गेला. निदान : रोटेटर कफची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखावली आहे, पूर्ण तुटलेली नाही.

खांद्याची रचना त्या दिवशी पहिल्यांदा कळली. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खवाट्याची वाटी अगदी उथळ. वरचा मोठा स्नायू, म्हणजे डेल्टॉइड, हात वर खेचतो तेव्हा गोळ्याला वाटीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात, तोच रोटेटर कफ. मी वर्षानुवर्षं मोठ्यांना वजन देत गेले आणि या चौघांकडे कधी पाहिलंच नाही.

सुरुवात भिंतीपासून झाली. कोपर अंगाला लावून मनगटाची मागची बाजू भिंतीवर दाबायची, तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. हात हलवायचाच नाही. मग कुशीवर झोपून एक किलो. दहावरून एकवर येताना मी खरंच रडले होते. चार महिन्यांनी सहा किलोचा प्रेस, नऊ महिन्यांनी पुन्हा दहा.

तुमचं काय झालं होतं? आधी दुखलं की आधी ताकद गेली? परत वजनांकडे आलात का? सगळं लिहा, मोठं झालं तरी चालेल.

कवडसा
माझं दुखणं बेंच प्रेसचं, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा तो व्यायाम. आणि तुमच्यासारखं दंडात नाही, बरोब्बर खांद्याच्या माथ्यावर, एका बोटाने दाखवता येईल असं. गळ्याचं हाड जिथे संपतं तिथे. हात छातीवरून आडवा नेऊन दुसऱ्या खांद्याला लावला की जोरात चमक. हाडाचं टोकच सततच्या ताणाने झिजायला लागलं होतं. वजन उचलणाऱ्यांमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं असं डॉक्टर म्हणाले.
बार छातीला टेकवणं बंद केलं. आता जमिनीवर झोपून डंबेल प्रेस करतो, कोपर जमिनीला लागलं की तिथेच थांबतं, खाली जातच नाही. दीड वर्ष झालं, बरा आहे.

शिंपला
मी वजनबिजन काही उचलत नाही हो, पण खांदा म्हटल्यावर राहवलं नाही. वय ५२, मधुमेह दहा वर्षं. माझा खांदा धरला होता. पाठीमागे हुक लावता येईना, मग हळूहळू हात कुठेच जाईना. मुलीने उचलून बघितला तरी नाही गेला. म्हणजे तुमच्या उलट.
पहिले चार-पाच महिने ठणका, मग ठणका कमी पण हात लाकडासारखा, मग आपोआप सुटत गेला. एकूण दीड वर्ष. इंजेक्शन घेतलं त्यानंतर काही दिवस साखर चढली होती. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे विचारून घ्या.

मध्यरात्र
सगळे दिवसाचं लिहिताय. रात्रीचं काय करता? मला दिवसा चालतं, रात्री दोनला जाग येते ती येतेच. आत्ताही तेच. दोन महिने झाले. कोणीतरी झोपेचं सांगा प्लीज.

शिंपला
अगं मध्यरात्र, माझंही अगदी हेच होतं. न दुखणाऱ्या कुशीवर झोप आणि पोटाशी जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेव. हात पुढे लोंबकळला की ताण येतो, तो येऊ द्यायचा नाही. उताणी झोपलीस तर कोपराखाली छोटी घडी. करून बघ आणि सांग.

चाकोरीबाहेर
मला राग येतो तो एका गोष्टीचा. मला शिकवणाऱ्या ट्रेनरने पहिल्या महिन्यातच मानेमागून प्रेस करायला लावला होता. खांदा कुरकुरतोय म्हटलं तर "सवय होईल". बेंचलाही कोपरं खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर. एकोणिसाव्या वर्षी कोण उलट बोलतं? सहा महिने बसून राहिलो त्यापायी.
नंतर दुसऱ्या एका माणसाने फक्त दोन बदल केले. बेंचला कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांवर. आणि हात बाजूने उचलताना अगदी सरळ बाजूला न नेता जरासा पुढे, खवाट्याच्या तिरक्या रेषेत, ३० अंशांच्या आसपास. त्याच वजनाला खांदा गप्प बसला. मानेमागून प्रेस काही जणांना सोसतो हे मान्य, पण ज्याचा खांदा मागे वळतच नाही त्याला का करायला लावायचं?
आणि ढकलण्याचे व्यायाम जितके, निदान तितकेच ओढण्याचे. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दोन टाचा
प्रश्न आहे. मला दुखत नाही. तीन आठवड्यांपासून डाव्या हाताने वजन कमी जातंय. प्रेस थोडा कमी, पण बायसेप कर्ल (कोपर वाकवून वजन वर आणणं) तर निम्म्यावर. बारा किलोचं डंबेल होतं, आता सहा जड वाटतं. अंगठ्याला अधूनमधून मुंग्या. फॉर्म चुकतोय का? व्हिडिओ काढून बघितला, ठीक वाटला. दुखत नाही म्हणून वाढवत राहू का?

ओंजळ
दोन टाचा, वाढवू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे बसून निदान करता येणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते मला खांद्याचं कमी आणि मानेचं जास्त वाटतं. कर्लची ताकद जाणं आणि त्याच हाताच्या अंगठ्याला मुंग्या येणं, हे दोन्ही मानेतून निघणाऱ्या एकाच नसेकडे बोट दाखवतं. मान मागे घेऊन डावीकडे कलवली की मुंग्या वाढतात का? करून बघायला नको, तुम्हाला आधीच जाणवलं असेल तर डॉक्टरांना सांगा. याच आठवड्यात जा. दोन्ही हात बोथट वाटले, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा बदलला तर आठवडाही थांबायचं नाही, लगेच.

बाकी सगळ्यांसाठी : दुखतं म्हणून जोर लावता न येणं आणि जोरच न उरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दुखणं शमलं की ताकद बरीचशी लगेच परत दिसते. दुसऱ्यात दिसत नाही. पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात एकदम वर जाईनासा झाला तर वाट पाहू नका, कारण कंडरा पूर्ण तुटलेली असेल तर लवकर कळण्यात फायदा असतो. आणि मेहनत करताना डावा खांदा भरून येतोय, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर तो खांद्याचा विषय नाही, तातडीने हृदयासाठी दाखवा. दर वेळी सांगते कारण एकदा माझ्यासमोर असा माणूस आला होता. वेळेत पोहोचला.

वाळकं पान
वय ६१. मी एमआरआयच्या कागदाने आजारी पडलो होतो. त्यावर "टेअर" हा शब्द वाचला आणि घरी येऊन दोन दिवस हात हलवला नाही. वाटलं, हलवला तर उरलेलंही तुटेल. फिजिओने समजावलं की माझ्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या कित्येक लोकांच्या खांद्यात असं फाटलेलं सापडतं. कागदापेक्षा हात काय करतोय ते बघू.
पहिला व्यायाम : वाकून हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. मग काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा. मग रबरी पट्टा. आता चार किलो डोक्यावर नेतो, आणि मुख्य म्हणजे नातवाला उचलतो. तो अकरा किलोंचा आहे आणि तो स्वतःहून वाढत जाणारं वजन आहे, त्यामुळे माझा व्यायाम आपोआप वाढतोय.

कवडसा
वाळकं पान, शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. माझी मुलगी साडेतीन वर्षांची, ती माझे रेप्स मोजते. तिला अकरापर्यंतच येतं, मग परत एकपासून. त्यामुळे माझा कुठलाही सेट संपत नाही.

शिंपला
किती गोड! बारा शिकवू नका तिला इतक्यात.

चाकोरीबाहेर
ओंजळताई, एक विचारू? मला एका ठिकाणी हाड घासून जागा मोठी करायचं ऑपरेशन सुचवलं होतं. मी केलं नाही, पण अजून मनात येतं, करायला हवं होतं का?

ओंजळ
तुमचा खांदा आता गप्प आहे ना, मग उत्तर तुमच्याकडेच आहे. त्या ऑपरेशनमागची कल्पना १९७२ मध्ये नीर या अमेरिकन सर्जननी मांडली : वरचं हाड कंडरेवर घासतं, म्हणून ते तासायचं. अनेक दशकं हे सर्रास होत आलं. पुढे ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर नीट चाचणी झाली, २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. काही जणांचं हाड खरंच तासलं, काही जणांच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गट सारखेच सुधारले. त्यामुळे नुसत्या घासण्याच्या दुखण्यासाठी आता आधी व्यायाम, तोही निदान तीन महिने मनापासून. पूर्ण तुटलेल्या कंडरेची शिलाई हा वेगळा विषय, दोन्ही एकत्र करू नका.
व्यायामात किती दुखलेलं चालेल असं सगळे विचारतात. मी सांगते : दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी अशक्त होते.

चाकोरीबाहेर
धन्यवाद ताई. पाच वर्षांचं ओझं उतरलं.

धागाकर्ती
ओंजळताई, "वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका" हे मला तेव्हा कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! माझ्याकडे दोनच पर्याय होते, दहा किलो नाहीतर काहीच नाही.
दोन टाचा, गेलात का? काळजी वाटतेय.

मध्यरात्र
उशी आणली आहे. आज बघते.

दोन टाचा
गेलो. मानेचा एमआरआय झाला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती बाहेर येऊन नस दाबतेय. खांदा एकदम ठीक! डॉक्टर म्हणाले बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात, पण ताकद कमी झाली आहे म्हणून दोन आठवड्यांनी परत मोजणार, आणखी घसरली तर वेगळा विचार. डोक्यावर काहीही उचलायचं नाही तोवर. पायांचे व्यायाम आणि चालणं सुरू ठेवायला सांगितलंय.
खरं सांगतो, दुखत नव्हतं म्हणून मी हे अजून दोन महिने ओढलं असतं. ताई, तुमचे आभार कसे मानू.

ओंजळ
आभार नकोत, दोन आठवड्यांनी मोजलेली ताकद इथे लिहा.

वाळकं पान
दोन टाचा, वाट बघतोय. धीर धरा, हळूहळू येते परत.

धागाकर्ती
मीही थांबलेय तुमच्यासाठी. माझंही आजपासून पुन्हा सुरू : भिंत, पाच वेळा, पंचेचाळीस सेकंद. मग कुशीवर एक किलो, पंधरा वेळा. दुखणं दहापैकी दोन. या वेळी तीन आठवडे वाया घालवलेले नाहीत, दोनच दिवस झालेत.

मध्यरात्र
शिंपलाताई, पोटाशी उशी. काल अकराला झोपले, जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता.